भिंतीवरचा डाग आणि त्याखालचा इतिहास

(सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत येताना दोघांनी मला विचारलं, "सर, आज इतिहास आहे की रंगकाम?" (हशा) दोन्ही आहे. घरच्या भिंतीवरचा एक डाग झाकायला गेलो आणि त्यातून मला जो इतिहास वाचावा लागला, तो आज तुमच्यापुढे मांडणार आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

गावाकडे आमचं जुनं घर आहे. दगडाचा पाया, वर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, त्यावर चुना. माजघराच्या एका भिंतीला खालून हातभर ओल चढायची आणि रंग फुगायचा. मी शहरातून गेलो, खरवडलं, तयार पुट्टी भरली आणि वर चांगल्यापैकी महागाचा प्लास्टिक पेंट दोन हात मारला. भिंत अशी गुळगुळीत झाली की शेजारचे बघायला आले. पुढच्या पावसाळ्यानंतर दार उघडलं तेव्हा तो रंग भिंतीवरून पापडासारखा सुटून लोंबत होता. नुसता रंग नाही. त्याला चिकटून खालचा चुन्याचा सगळा थरही आला होता. गावातल्या गवंड्याला बोलावलं. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "दादा, भिंतीला रेनकोट घातलाय तुम्ही. आतून घाम फुटणारच."

पडलेले पोपडे मी झाडून दोन पोती भरून उकिरड्यावर टाकले. शेवटचा एक पोपडा हातात राहिला, तो उजेडात आडवा धरून पाहिला आणि मी तिथेच बसलो. त्याच्या कडेला पुस्तकाच्या पानांसारखे थर होते. पांढरा, निळसर पांढरा, पुन्हा पांढरा. आणि मधे मधे केसाएवढी बारीक तांबडी रेघ. माझी आई त्या भिंतीवर दर नागपंचमीला गेरूने नाग काढायची. दिवाळीच्या आधी चुना दिला जायचा आणि नाग झाकला जायचा. पुढच्या श्रावणात त्याच जागी पुन्हा नाग. म्हणजे त्या तांबड्या रेघा एकेका वर्षाच्या होत्या. मी तेवीसपर्यंत मोजल्या. बाकीच्या दोन पोत्यांत गेल्या.

तर आजचा प्रश्न असा. घरातली भिंत दुरुस्त करताना आपल्या हातून चुका का होतात? माझं उत्तर असं आहे की भिंत एका काळातली असते आणि दुरुस्ती दुसऱ्या काळातली.

आधी जुन्या भिंतीचा काळ बघू. मातीची भिंत आणि शेणमातीचा हात. घरातली बाई पोतेरं घेऊन बसायची आणि भुई सारवायची, भिंत लिंपायची. त्या पद्धतीत 'टचअप' हा प्रकारच नव्हता. खड्डा पडला तर ओली माती भरायची आणि वरून सगळी भिंत सारवून काढायची. ठिगळ दिसायचं नाही, कारण ठिगळ आणि कापड दोन्ही एकाच मातीचं, आणि शेवटचा हात सगळ्यांवरून एकदम फिरलेला. ठाणे-पालघर भागातल्या वारली घरांत बघा. कुडाच्या भिंतीवर शेणमाती, कुठे कुठे वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी चित्रं. भिंत पुन्हा सारवली की चित्र जातं, पुढच्या लग्नाला नवीन येतं. चित्र कायम टिकावं अशी अपेक्षाच नव्हती.

चुन्याचंही असंच. चुनखडी भट्टीत भाजायची, साधारण ९०० अंश सेल्सिअसला तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. कोकणात आणि गोव्यात शिंपल्या भाजूनही चुना करत. ती कळी पाण्यात टाकली की खदखदायला लागते. आमच्या लहानपणी पिंपात चुना भिजत घातला की मोठी माणसं मुलांना लांब उभं करायची, ते बरोबरच होतं. डोळ्यात थेंब उडाला तर डोळा जायची भीती. हा भिजलेला चुना गाळायचा, त्यात थोडी नीळ घालायची म्हणजे पिवळट झाक जाते, कुणी डिंक घाले, कुणी मीठ. आणि मग कुंचल्याने भिंतीला द्यायचा.

इथे एक रसायनशास्त्र आहे, ते नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा विषय त्यावर उभा आहे. आपण ज्याला चुना वाळणं म्हणतो त्यात पाणी उडून जाणं एवढंच घडत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जे गमावलं ते भिंतीवर परत मिळवतो. म्हणून ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी पांढरा होतो. म्हणून तो दुधासारखा पातळ द्यायचा असतो. नवशिका माणूस एका हातात काम उरकावं म्हणून दाट चुना मारतो, आणि तो तडकून खपल्या निघतात. चुन्याची ही सगळ्यात जुनी चूक. उपायही जुनाच. खरवडा, भिंत ओली करा, पातळ द्या, वाळू द्या, पुन्हा द्या.

आणि या थरात बारीक छिद्रं असतात. जमिनीतून भिंतीत चढलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. पाण्याबरोबर क्षार येतात, पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. चुन्याची खपली पडते, दिवाळीला नवा हात बसतो. भिंत मात्र उभी राहते. चुना झिजायचा म्हणून भिंत वाचायची, असा तो हिशेब होता.

पण मी जुन्याचं गोडवं गायला आलेलो नाही. चुन्याच्या भिंतीला टेकलं की सदऱ्याची पाठ पांढरी. दरवर्षी घर बाहेर काढा, भांडी हलवा, भिंती झाडा. हे काम करणाऱ्या बायकांना त्याचे पैसे मिळत नव्हते आणि भट्टीवरच्या मजुरांचे हात चुन्याने फुटलेले असत. ज्यांनी हे केलं त्यांना तयार डब्यातला रंग आला तेव्हा हायसं वाटलं असणार, आणि ते योग्यच होतं.

आता एक वळण सांगतो जे आपण सहसा रंगाच्या इतिहासात धरत नाही. प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग जाहीर झाला. पुढच्या वर्षी साथरोगांचा कायदा आला. लागण झालेलं घर निर्जंतुक करायचं, सामान उन्हात टाकायचं, आणि भिंतींना चुना द्यायचा, हा सरकारी मोहिमेचा ठरलेला भाग होता. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जात. पुण्यात १८९७ मध्ये घरोघर शिरून जी तपासणी झाली तिचा शेवट काय झाला, रँडचा वध, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच मोहिमेत घराघरांच्या भिंतींना चुना फासला गेला हे आपण विसरतो. दिवाळीला आपण होऊन दिलेला चुना आणि शिपाई उभा असताना दिलेला चुना, दोन्ही रसायन म्हणून एकच. पण घरातल्यांना ते एक वाटलं असेल का? भिंतीला हात कोण लावतं याला महत्त्व असतं, एवढं इथे नोंदवून पुढे जातो.

विसाव्या शतकात डबा आला. हावड्याला शालिमार १९०२ पासून होतीच. मुंबईत लोअर परळला १९२० मध्ये गहागन पेंट्स अँड व्हार्निश ही कंपनी निघाली, तीच पुढे नेरोलॅक. १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असताना, गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी रंग करायला सुरुवात केली, ती एशियन पेंट्स. त्यांचा तो खोडकर गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला, हेही तुम्हाला माहीत असेल.

या काळात एका घरात किती तऱ्हेचे रंग असत बघा. भिंतीला चुना किंवा डिस्टेंपर, म्हणजे मुख्यतः खडूची भुकटी आणि तिला धरायला सरस. बोट फिरवलं की बोटाला लागणारा. दारं-खिडक्यांना तेलरंग, म्हणजे बेलतेलात खललेला सफेता. सफेता म्हणजे पुष्कळदा शिशाचा. बाहेरून सिमेंट पेंट. आणि सिमेंटही तसं नवंच. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, पण आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून ते यायला १९१४ उजाडलं. म्हणजे आजोबांनी बांधलेली खोली मातीची, वडिलांनी काढलेली पडवी सिमेंटची, असं एकाच घरात दोन शतकं शेजारी उभी असतात. रंगारी मात्र दोन्ही भिंतींवर एकच डबा फिरवतो.

आणि मग इमल्शन. अमेरिकेत १९४१ मध्ये केम-टोन नावाचा पाण्यात पातळ करायचा रंग आला, त्यात दुधातलं केसीन होतं. युद्धात कृत्रिम रबराचं तंत्र वाढलं होतं, त्यातून १९४८ मध्ये ग्लिडन कंपनीने रबराच्या चिकावर आधारलेला रंग बाजारात आणला. पुढे ॲक्रिलिक आलं. आपण ज्याला सर्रास 'प्लास्टिक पेंट' म्हणतो तो याच कुळातला. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा तयार होतो. कपड्याला लागत नाही, पुसता येतो, वास कमी, रोलरने कुणालाही मारता येतो. घरमालक स्वतः रंगारी झाला तो इथे.

आणि ठिगळही इथेच जन्मलं. चुना दरवर्षी अख्ख्या भिंतीला दिला जायचा. हा रंग पाच-सात वर्षं राहावा अशी अपेक्षा असते. मग मधे खिळा काढला, सोफा घासला, मुलाने चेंडू मारला, की आपण अख्खी भिंत रंगवत नाही, तेवढ्यापुरतं लावतो. माळ्यावरचा उरलेला डबा काढतो, ब्रश बुडवतो, डागावर फिरवतो. संध्याकाळी दिवा लावला की डागापेक्षा मोठं ठिगळ चमकतं. (हशा) हसताय म्हणजे केलेलं आहे.

ते ठिगळ का दिसतं, याची कारणं सांगतो.

पहिलं, शोषण. भोक बुजवायला तुम्ही लांबी भरलीत, म्हणजे पुट्टी. ती कोरडी आणि तहानलेली असते. रंगातलं पाणी आणि चिकट द्रव्य ती पिऊन घेते. शेजारचा जुना रंग काही पीत नाही. मग त्याच डब्यातला रंग एका जागी मंद दिसतो, दुसऱ्या जागी तकतकीत. म्हणून लांबीवर आधी अस्तर मारायचं. लोक अस्तर वाचवतात आणि मग रंगाचे चार हात मारतात.

दुसरं, हत्यार. भिंत रोलरने रंगवलेली असते, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक दाणे उठलेले असतात. त्यावर तुम्ही ब्रशची रेघ ओढता. रंग तोच, पण उजेड वेगळा परततो. खिडकीतून तिरका उजेड आला की चोरी पकडली जाते. जे हत्यार आधी वापरलं तेच छोट्या मापात वापरा, आणि कडा जाड ठेवू नका, हात बाहेरच्या बाजूला हलका करत न्या.

तिसरं, वय. भिंतीवरच्या रंगाने पाच वर्षं ऊन, धूर, फोडणीची वाफ खाल्लेली असते. डब्यातला रंग अंधारात झोपलेला असतो. नंबर एकच असला तरी दोघांचा चेहरा आता एक नाही. त्यात नवा डबा वेगळ्या घाणीचा असला तर आणखी फरक. दोन डबे लागणार असतील तर आधीच एका बादलीत एकत्र कालवून घ्यावेत.

चौथं, घाई. ओला इमल्शन आणि वाळलेला इमल्शन यांची छटा एक नसते. ओलेपणीच 'जुळत नाही' म्हणून माणूस वर आणखी फिरवतो, अर्धवट वाळलेला रंग ओढला जातो, आणि तिथे चट्टा पडतो. एकदा लावल्यावर त्या खोलीतून बाहेर जावं. चहा घ्यावा.

मग पडलेलं ठिगळ घालवायचं कसं? त्याच ठिगळावर आणखी ठिगळ मारून ते जात नाही, मोठं होतं. बारीक पॉलिश पेपरने कडा मोडायच्या, ओल्या फडक्याने पीठ पुसायचं, उघड्या लांबीवर अस्तर द्यायचं, आणि मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती एक भिंत पूर्ण रंगवायची. बाकीच्या तीन भिंती नाही रंगवल्या तरी चालतं, कारण कोपऱ्यात उजेड मोडतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. बघा, शेवटी आपण सारवणाऱ्या बाईच्या पद्धतीवर आलो. शेवटचा हात सगळ्यांवरून.

आता घर सोडून थोडं लांब जाऊ. अजिंठ्याला. कारण भिंतीच्या टचअपची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट तिथे घडली आहे.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी तिथे पोहोचला, आणि दहाव्या लेण्यात त्याने स्वतःचं नाव कोरून ठेवलं. म्हणजे पहिला डाग त्याचाच. १८४४ पासून रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं तिथे राहून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, १८७२ ते १८८५. त्यांच्याही कितीतरी नकला लंडनलाच १८८५ च्या आगीत गेल्या. नकला करताना चित्रं धुरकट दिसत म्हणून रंग उठावेत यासाठी मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवलं गेलं. पुढे अजिंठा निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेंझो चेकोनी आणि ओर्सिनी या दोन जतनकारांना बोलावलं. त्यांनी सुटू लागलेला गिलावा धरून ठेवला, हे मोठं काम. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही दिलं.

त्या वेळी ते सुंदर दिसलं असणार. कोरडा खडा ओला केला की कसा रंगतो, तसं. पण लाख पिवळी पडते, मग तपकिरी. तिच्यावर धूळ बसते, ती आकसते आणि आकसताना खालचा रंग ओढते. अजिंठ्याची भिंत म्हणजे काय? दगडावर माती, तीत भाताचा कोंडा, गवताचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. म्हणजे आमच्या माजघराच्या भिंतीची थोरली बहीण. तिच्यावर चकचकीत पापुद्रा. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि त्यांच्या रसायनतज्ज्ञांच्या कितीतरी वर्षांचं काम हेच झालं की आधीच्यांनी लावलेलं व्हार्निश कापसाच्या बोळ्याने, इंच इंच करत, मूळ रंगाला धक्का न लावता काढायचं.

चेकोनी आणि ओर्सिनी आपल्या काळातले जाणकार होते, त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांनी जे केलं ते युरोपात मान्य होतं. चूक इतकीच की जे त्यांना परिचित होतं ते त्यांनी अनोळखी भिंतीला लावलं. मी माजघरात तेच केलं. फरक असा की मी इटलीहून आलो नव्हतो, त्याच घरात वाढलो होतो. मला तर कळायला हवं होतं.

इटलीतच पुढे यावर विचार झाला. रोममध्ये १९३९ साली जतनाची मध्यवर्ती संस्था निघाली, चेझारे ब्रांदी तिचे संचालक. युद्धात बाँबगोळ्यांनी भित्तिचित्रांचे तुकडे झाले होते. गेलेली जागा भरायची कशी? त्यांनी एक रीत बसवली. उडालेल्या जागी बारीक उभ्या रेघांनी रंग भरायचा. लांबून पाहिलं की चित्र सलग दिसतं, जवळ गेलं की रेघा दिसतात आणि कळतं की हे मूळ नाही, ही दुरुस्ती आहे. शिवाय ती पुढे कुणाला काढावीशी वाटली तर काढता आली पाहिजे. चित्राच्या दुरुस्तीत प्रामाणिकपणा हवा, घरच्या भिंतीच्या दुरुस्तीत बेमालूमपणा हवा, असा दोघांत फरक आहे. पण 'काढता आली पाहिजे' हा नियम घरालाही लागू आहे. माझा रंग काढायला गेलो तर आईचे नाग बरोबर आले.

म्हणून भिंतीला हात लावण्याआधी तिला तीन प्रश्न विचारा.

तू कशाची आहेस? ओलं फडकं घासा. पांढरं पीठ आलं तर चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे. काही आलं नाही तर स्पिरिटचा बोळा फिरवा. रंग मऊ पडून बोळ्याला लागला तर इमल्शन, नाहीतर बहुधा तेलरंग.

तू ओली आहेस का? हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा, एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव आलं तर पाणी भिंतीतून येतंय. मग रंगाचं दुकान विसरा, प्लंबर किंवा गवंडी शोधा.

आणि तुझा जुना थर तुला धरून आहे का? ब्लेडने फुली मारा, तिच्यावर चिकटपट्टी दाबा, झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर त्यावर काहीही लावलं तरी तेही येणार.

एक धोक्याची गोष्टही सांगायला हवी. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं. रंगाऱ्यांना शिशाच्या सफेत्यापासून वाचवण्यासाठी १९२१ मध्येच आंतरराष्ट्रीय करार झाला होता. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. म्हणजे त्याआधी रंगवलेली दारं, चौकटी, कठडे यांना कोरडं घासू नका. लहान मुलं असतील तर मुळीच नको. घासायचंच तर पाण्याने ओलं करून, तोंडाला नीट मास्क लावून, आणि चुरा ओल्या फडक्याने गोळा करून.

आता माजघराचं सांगून थांबतो. गवंड्याने उरलेला प्लास्टिक थर पात्याने हळूहळू सोडवला. सिमेंट लावायला तो तयारच नव्हता. पांढरी माती आणि चुन्याने खड्डे भरले. बाहेरच्या बाजूला अंगणाची माती भिंतीपेक्षा वर चढली होती, पावसाचं पाणी तिथेच साचत होतं. ती खोदून उतार काढला. ओलीचं मूळ ते होतं, आणि मी इतकी वर्षं आतून रंग लावत होतो. मग एक उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवली. दिवाळीच्या आधी चुना दिला, तीन हात, पातळ. सगळे डाग गेले का? नाही. खाली एक पिवळट छाया अजून आहे. दरवर्षी थोडी कमी होते.

तो शेवटचा पोपडा मी काचेच्या डबीत ठेवला आहे. आणि यंदाच्या नागपंचमीला बायकोने आणि मुलीने त्याच जागी नाग काढला. दिवाळीला त्यावर चुना बसेल.

(श्रोत्यांच्या प्रश्नांतून)

प्रश्न : आमच्या छताला वरच्या बाथरूमखाली पिवळा डाग आहे. तीनदा रंगवला, तीनदा वर आला.

उत्तर : गळती बंद झाली आहे का? (नाही, असे उत्तर) मग चौथ्यांदाही येईल. आधी गळती काढा, पूर्ण वाळू द्या. त्यानंतरही डाग वर येतो, कारण तो पाण्यात विरघळतो आणि तुमच्या रंगातही पाणीच आहे. म्हणून त्या जागेवर डाग अडवणारं, पाण्यावर आधारलेलं नसलेलं अस्तर मारा, आणि मग नेहमीचा रंग.

प्रश्न : मग शहरातल्या फ्लॅटमध्येही चुनाच लावावा का?

उत्तर : नाही हो. तुमच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि इमल्शनचे दहा थर असणार. त्यावर चुना धरणारच नाही, तो पावडर होऊन अंगावर पडेल. तिथे इमल्शनच बरोबर आहे. नवा गिलावा केला असेल तर तो महिनाभर तरी मुरू द्या, एवढं पाळा. मी सोडलेला आग्रह हाच की सगळ्या भिंतींना एकच औषध.